लहान डब्याची पाळी

“काका, माझ्याबरोबर म्हणायचं हं. एक...”

मालकांनी तोंड उघडलं. ओठ विलग झाले, जीभ वर टाळूला लागली, गळ्याची शीर ताठ झाली. मी शेजारी स्टुलावर श्वास धरून बसले होते. आता आवाज फुटणार, एवढ्यात टॅबमधून मॅडम म्हणाल्या, “नाही जमलं? हरकत नाही. परत म्हणू या. एक...”

मालकांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा जीभ वर गेली आणि पुन्हा मॅडमचा गोड आवाज आडवा आला, “सावकाश काका. घाई नाही.”

“मॅडम, ते म्हणतच होते की!” मी म्हणाले.

मॅडम पडद्यावर हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिल्या. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुढचं बोलायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “हो का काकू?” दोघी एकदम बोललो, दोघी एकदम गप्प झालो, मग पुन्हा दोघी एकदम “तुम्ही बोला” म्हणालो. तोवर मालकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. डावा हात हलवून त्यांनी मला खूण केली, बंद कर ते.

मंगळवेढ्यात आमची पिठाची गिरणी होती. माझ्या नवऱ्याला, सिद्रामप्पांना, सगळं गाव मालक म्हणायचं आणि मीही तेच म्हणायची. त्या वर्षी दिवाळी सरल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागले आणि वाचा बसली. समजत सगळं होतं. भाकरी जाड झाली की ताट सरकवायचे, पेपरातली बातमी वाचून मान हलवायचे. फक्त शब्द येईना. चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून ज्यांनी सारी हयात गिऱ्हाइकं सांभाळली, त्यांना “पाणी” म्हणता येईना. एकटीने सराव घ्यावा तर माझ्यासमोर ते ओठसुद्धा उघडत नसत. बायकोसमोर अडखळायचं नाही, हा जुना ताठा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या आरिफा मॅडमचं नाव दिलं होतं. वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हेच त्यांचं काम. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “काकू, शब्द हरवलेले नाहीत. आत आहेत. वाट सापडत नाहीये. मी म्हणेन त्याच्या जोडीने काका म्हणू लागले, की वाट सापडते. पण हे पहिले महिने महत्त्वाचे. या महिन्यांत जे परत येतं ते येतं.”

आणि त्या दिवशी वर्ग बंद पडल्यावर त्यांचा मला वेगळा फोन आला.

“काकू, स्पष्ट बोलते. जोडीने म्हणणं हाच याचा पाया आहे आणि इथे जोडीच जमत नाहीये. काकांचा आवाज माझ्याकडे फार उशिरा येतो. मी त्यांना तोडते आणि मला कळतही नाही. माणूस दहा वेळा तुटला की अकराव्यांदा बोलत नाही. त्यांना पुण्याला आणता येईल का?”

“गाडीत तासभरसुद्धा बसवत नाही त्यांना.”

“मग महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर हे थांबवलेलं बरं. फायदा राहिला बाजूला, उलट त्यांची उमेद जाईल.”

मी फोन ठेवला आणि जिन्याखाली उभी राहून हाक मारली, “मल्ल्या, खाली ये!”

मल्लिनाथ माझा मुलगा. गिरणी बंद केल्यावर त्याने गच्चीवरच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. लग्नाचे व्हिडिओ काढायचा, जोडायचा आणि इंटरनेटवरून गिऱ्हाइकांना पाठवायचा. तो उतरला तो कानात बोळे घालूनच.

“काय ग आई? रुखवत जोडत होतो. नवरीचे मामा ताटाआड झाकले गेलेत, आता भांडण होणार.”

“मामा राहू दे. अप्पांचा आवाज पुण्याला उशिरा पोचतो. त्याचं काय करायचं ते सांग.”

त्याने केबलवाल्या इरण्णाला बोलावलं. इरण्णा आला, त्याने फोनवर काहीतरी दाबलं आणि काटा फिरताना मला दाखवला. “काकू, शंभर! गावात एवढा वेग फक्त तुमच्याकडं आणि बँकेत. लाईनीत दोष नाही. तुमचा राऊटर डबडं झालाय. मोठा घ्या. आठ शिंगांचा आलाय, भिंतीतून आरपार जातो.”

आठ शिंगांचा आला. काळाकुळकुळीत, उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा. घरभर, परसात, अगदी बाहेरच्या ओट्यावरसुद्धा वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या. मल्लिनाथ खूश झाला. मॅडम दुसऱ्या दिवशी “एक” म्हणाल्या आणि मालकांच्या तोंडात शब्द असतानाच “परत म्हणू या” म्हणाल्या. फरक पडलाच असेल तर वाईटाकडे.

मी तंत्रातली नाही, पण सासरी आल्यापासून गिरणीच्या दारात बसलेली बाई आहे. कुठे अडलंय हे यंत्र उघडून कळत नाही, रांग बघून कळतं. मी रांग बघायला सुरुवात केली. एके दिवशी मल्लिनाथ हुलजंतीला लग्नाचं शूटिंग करायला गेला होता. वरची खोली बंद. त्या दिवशी मॅडमशी बोलणं समोरासमोर बसल्यासारखं झालं. माझं वाक्य संपायला आणि त्यांनी “बरं” म्हणायला एकच गाठ पडत होती. मालकांनी डोळे उघडून टॅबकडे बघितलं. तेवढ्यात दारात मोटरसायकल वाजली, मल्लिनाथ धडाधड वर गेला आणि थोड्या वेळात मॅडम पुन्हा पडद्यात हसत थांबायला लागल्या.

मी वर गेले. “आत्ता काय चालू केलंस?”

“काही नाही. कालचा व्हिडिओ चढवायला लावला. नवरीचा भाऊ दुबईला आहे, सारखे मेसेज करतोय.”

“बंद कर.”

“आई, मध्येच तोडला तर परत पहिल्यापासून चढवावा लागतो. दिवसभराचं काम असतं ते. मॅडमचा फोन कधी सकाळी, कधी दुपारी, त्यांना मोकळीक मिळेल तेव्हा. मी काय दिवसभर हात बांधून बसू? लग्नसराई आहे.”

“बापाच्या वाचेपेक्षा तुला...”

“तसं म्हणू नकोस!” तो ओरडला. मग हळू म्हणाला, “बंद करतो. दुबईवाल्याला सांगतो काहीतरी.”

खाली भांडी पडल्याचा आवाज झाला. धावत आले तर मालक पलंगावर उठून बसले होते आणि डाव्या हाताने त्यांनी तांब्या जमिनीवर आपटला होता. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मल्लिनाथकडे बोट दाखवलं, मग वरच्या खोलीकडे, आणि हात गोल गोल फिरवून दाखवला. चालू दे. मग माझ्याकडे बघून नाही-नाही अशी मान हलवली.

पोराची चालू गिरणी माझ्यासाठी बंद करायची नाही, असं सांगत होते ते. शब्दांची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथने काम थांबवलं, तर मालकांनी टॅबसमोर डोळेच उघडले नाहीत.

तेव्हा मी त्या आठ शिंगांच्या खेकड्याला पिशवीत घातलं आणि सोलापूरच्या गाडीत बसले.

बाळीवेशीत एकजण चांगला असल्याचं माझ्या भाचीने सांगितलं होतं. व्यंकटेश येमूल. दुकान म्हणजे बोळातली खोली, भिंतींना लोंबणाऱ्या वायरी, आणि चष्मा कपाळावर चढवलेला पन्नाशीचा गृहस्थ. मी खेकडा टेबलावर ठेवला.

“हा परत घ्या आणि याच्यापेक्षा चांगला द्या.”

“माझ्याकडचा नाही ओ काकू हा.”

“माहीत आहे. तरी चांगला द्या.”

ते हसले. “बसा. चहा सांगतो. याच्यावर करायलाय काय तुम्ही? पिक्चर बघायलाय की बोलायलाय?”

दुकानात शिरलेल्या माणसाला आधी काम विचारणारा दुकानदार मला त्या महिन्यात पहिल्यांदाच भेटला. मी सगळं सांगितलं. मालक, मॅडम, तोंडातला शब्द, वरची खोली, दुबईचा भाऊ. येमूल मध्ये काही बोलले नाहीत. मग त्यांनी खेकडा उचलून हातात तोलला.

“वाईट नाही ओ हा. पिक्चर बघायला एक नंबर. पण याचं पोट लई मोठं आहे. कसं असतंय, तुमच्या घरातनं बाहेर जायची वाट अरुंद. मुलाचा व्हिडिओ म्हणजे हजारो पुड्या, तो भसाभस ओततोय. हा कुणाला नाही म्हणत नाही. सगळं पोटात घेऊन ठेवतो आणि आला तसा एकेक सोडतो. काकांचा आवाज म्हणजे बारीक पुडी. ती जाऊन मागं उभी राहते. हरवत नाही, तुटत नाही, फक्त बसून राहते. म्हणून वेग मोजला तर शंभर, आणि बोलायला गेलं की...”

“थांबा,” मी म्हणाले. “म्हणजे हा आमच्या चौगुल्याची गिरणी आहे.”

“कोण चौगुले?”

“दुसरी गिरणी होती आमच्या गावात. चौगुले भला माणूस. कुणाचं मन मोडायचा नाही. जो येईल त्याला, ठेवा डबा, ठेवा डबा. बाहेरपर्यंत डब्यांची रांग. खानावळवाल्याची डाळीची चार पोती पुढे, आणि मागे एखादीचा भाजणीचा एवढासा डबा. ती संध्याकाळी येऊन बघते तर डबा तिथेच. लोकांना वाटायचं, केवढी मोठी गिरणी, केवढी गर्दी!”

“आणि तुमच्याकडं?”

“आमचे मालक दोन गोष्टी करायचे. पोतं दळता दळता मध्येच लहान डबा घ्यायचे. पोतंवाल्याला फरक पडायचा नाही आणि बाईचं पीठ चूल पेटायच्या आत घरी जायचं. आणि रांग पायरीच्या खाली गेली, की पुढच्या माणसाला तोंडावर सांगायचे, आज नाही, उद्या आण. पहिल्यांदा लोक चिडले. मालक माजलेत म्हणाले. माझी सासू म्हणायची, अरे, आलेली लक्ष्मी कोणी परत पाठवतं का? मालक म्हणायचे, डबा दारात अडकवून ठेवण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. माणूस दुसरी वाट तरी शोधतो.”

येमूल कपाळावरचा चष्मा काढून पुसायला लागले.

“काकू, आमच्या धंद्यात या दोन गोष्टींना मोठाली इंग्रजी नावं आहेत, आणि परदेशातल्या लोकांनी वर्षं घालवली त्याच्यावर. बरोबर हेच करायचं असतंय. लहान पुडीला मध्ये घ्यायचं आणि रांग वाढली की वेळेवर नाही म्हणायचं. नाही म्हटलं की व्हिडिओ पाठवणारं यंत्र आपोआप दम खातंय.”

“मग तसं करणारा द्या.”

त्यांनी खालच्या फळीवरून एक पांढरा चपटा डबा काढला. दोनच शिंगं, तीही आखूड. खोक्यावर ना सिंहाचं चित्र, ना विजेचं. “दिसायला गरीब आहे. पण याच्या आतली चिप अशी आहे, की कंपनीचा प्रोग्राम काढून दुसरा घालता येतोय. तो प्रोग्राम ही पाळी लावतो. वायफायवरसुद्धा, एकाच यंत्राला सगळा वेळ खाऊ देत नाही. महागड्यात महाग यंत्रं आहेत माझ्याकडं, पण त्यातली निम्मी आपलं पोट उघडूच देत नाहीत. एकच आहे...”

“काय?”

“लाईनीचा पूर्ण वेग वापरायचा नाही. थोडा कमी लावायचा. म्हणजे रांग लागायची ती इथंच, आपल्या डोळ्यासमोर लागते. नाहीतर ती पुढं इरण्णाच्या डब्यात लागणार, आणि तिथं आपलं कोण ऐकतंय?”

मला ते तिथल्या तिथे पटलं. घरी मल्लिनाथला पटवायला मात्र रात्रीची भाकरी थंड झाली.

“आठ शिंगांचा काढून दोन शिंगांचा लावायचा? आणि वर वेग कमी करायचा? आई, भरतोय शंभराचे आणि वापरायचे नव्वद? तुला गंडवलं सोलापुरात.”

“चक्कीच्या वरची दाण्याची पेटी काठोकाठ भरलेली तू कधी बघितलीस का?”

“नाही.”

“का नाही?”

“अप्पा ओरडायचे.”

“का ओरडायचे?”

तो बापाकडे बघून कसंनुसं हसला. “पट्टा घसरतो.”

पलंगावरून मालकांच्या घशातून घरघर आली. खूप दिवसांनी हसत होते ते.

सकाळी मल्लिनाथने येमूलांना फोन लावून, त्यांनी सांगितलं तसं, पांढरा डबा बसवला. खेकडा इरण्णाला देऊन टाकला. मग तो वर गेला, आणि थोड्या वेळाने जिन्यातून डोकावून म्हणाला, “आई, सर्वांत मोठा व्हिडिओ चढवायला लावलाय. सांगोल्याचं लग्न, हळदीपासून वरातीपर्यंत. आता बोलव तुझ्या मॅडमला. नाही चाललं तर मी बोलणार हं!”

“बोल की. आधी चालू तर दे.”

मॅडमचा फोन दुपारी आला. मालक जेवून टेकले होते. त्यांनी आधी टॅबकडे बघितलं, मग छताकडे, वरच्या खोलीकडे. मी म्हणाले, “चालू आहे पोराचं. बंद नाही केलं. त्याचं पोतं दळतंय, तुमचा डबा मध्ये घेतलाय.”

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. गिऱ्हाईक खरं बोलतंय का, हे बघायची त्यांची तीच जुनी नजर. मग डाव्या हाताने टॅब स्वतःच जवळ ओढला.

“काका, दिसतेय ना मी? माझ्याबरोबर म्हणायचं. एक...”

मालकांनी तोंड उघडलं. ओठ विलग झाले, जीभ वर टाळूला लागली. मी डोळे मिटून घेतले, आता मॅडम तोडणार म्हणून. मॅडमनी तोडलं नाही. त्यांना आता मालकांचा श्वाससुद्धा ऐकू जात होता. त्या थांबल्या होत्या.

“ला...” मालकांच्या गळ्यातून आलं. अंगभर घाम फुटला त्यांना. “ला... लाभ.”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. “काय म्हणाले काका? एकच्या जागी...”

रोज ती जीभ वर जात होती. एक म्हणायला कशाला जाईल जीभ वर? हा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तर देत होता आणि त्याला कोणी ते पुरं करू दिलं नव्हतं.

“मॅडम,” मी म्हणाले, “आमच्यात धान्य मापताना एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. मग दोन, तीन. खळ्यावर तसंच, गिरणीत तसंच. त्यांनी जन्मात कधी एकपासून मोजलेलं नाही.”

मॅडम मान सरळ करून, मालकांकडे बघून म्हणाल्या, “माझं चुकलं काका. परत म्हणू या. लाभ...”

“लाभ,” मालक म्हणाले. जोडीने. दोन आवाज एका वेळी.

“दोन.”

“दोन.”

“तीन.”

“ती... तीन.”

जिन्यावर पाऊल वाजलं. मल्लिनाथ निम्म्या पायऱ्या उतरून कठडा धरून उभा होता. “वरचं अजून चढतंयच आई,” तो कुजबुजला आणि बापाचा आवाज ऐकून तिथेच खाली बसला.

चारपाशी मालक अडले. मॅडम थांबल्या. चार आला. पाच त्याच्या पाठोपाठ आला, सहा जवळजवळ धावत. पोत्यात पायली रिकामी करताना यायचा तसा हेल येऊ लागला होता, शेवटचं अक्षर थोडं लांबवलेला. तो हेल ऐकून माझ्या नाकाला पिठाचा वास आला.

त्यानंतर मालक चार वर्षं होते. सगळं बोलणं परत आलं नाही. पण “पाणी” आलं, “मल्ल्या” आलं, आणि भाकरी जाड झाली की ताट सरकवण्याआधी “जाड” आलं. पांढरा डबा अजून आमच्या कोनाड्यात आहे. वेग आता हजाराच्या घरात गेलाय म्हणतात, इरण्णा दर दिवाळीला नवं खोकं दाखवायला येतो. मी त्याला चहा देते आणि विचारते, लहान डब्याची पाळी लावतो का रे हा? तो म्हणतो, काकू, तुम्ही ना!

पण मी त्या दुपारचं सांगत होते. आठ म्हणून झालं आणि मालकांचा दम संपला. मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. “काका, आज इथेच थांबू. खूप झालं.”

मालकांनी मान हलवली. थांबायचं नव्हतं, एक गोष्ट करायची राहिली होती. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता. त्यांनी डावा हात अंथरुणावर खाली नेला, बोटं पसरली, हवेतलेच दाणे मुठीत भरून घेतले आणि मॅडमच्या समोर, पडद्यावर, सावकाश सोडले.

“हे काय काकू?” मॅडमनी विचारलं.

“माप झाल्यावर वर एक मूठ घालायची असते,” मी म्हणाले. “तुमची आहे ती. घ्या.”

पुण्यात बसलेल्या त्या बाईने ताबडतोब, त्याच क्षणी, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.